चौथ्या आणि पाचव्या वचनाच्या मधली जागा

माळरानावरच्या एका खेड्यात एकदा एक उपदेशक होऊन गेले. शाळेत ते मुलांना शिकवीत आणि रविवारी लहानशा चर्चमध्ये उपासना चालवीत, म्हणून सारे त्यांना मास्तर म्हणत. चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, राहायचे तालुक्याच्या गावी आणि महिन्यातून एकदा यायचे. बाकीचे रविवार मास्तरांचे. प्रार्थना करावी तर मास्तरांनीच, अशी पंचक्रोशीत त्यांची ख्याती होती. विहिरीला पाणी लागो, म्हैस व्यायला होवो, पोरगा परीक्षेला बसो, लोक मास्तरांना बोलावून नेत. एकदा डोळे मिटले की त्यांची वाणी पाटाच्या पाण्यासारखी वाहू लागे आणि लवकर थांबत नसे. चुलीवर भाकरी असेल त्या घरी मास्तरांना प्रार्थना सांगू नये, अशी बायकांत म्हणच पडली होती.

त्या चर्चच्या मंडळीचा एक रिवाज होता. प्रार्थनेची सुरुवात उपकारस्तुतीने, म्हणजे देवाचे आभार मानून करायची आणि शेवटही उपकारस्तुतीनेच. मधे मागणे मागायचे, तेही बेताने. देवापुढे कुरकुर करणे म्हणजे अविश्वास, हे पाळण्यातल्या पोरालाही शिकवलेले. रिवाज चांगलाच आहे, मी त्याची थट्टा करणार नाही. पण चांगला रिवाजसुद्धा एखाद्या दिवशी माणसाच्या उरावर बसतो, हेही खरे आहे.

मास्तरांना एकच मुलगी होती. नाव सलोमी, घरात सारे सलू म्हणत. भाद्रपदात तिला ताप भरला, तिसऱ्या दिवशी शुद्ध हरपू लागली आणि चौथ्या दिवशी सकाळी ती चार वर्षांची पोर गेली. पाळकसाहेबांना निरोप जाऊन ते येईपर्यंत थांबणे शक्य नव्हते. दफनाची प्रार्थना बापालाच करावी लागली, आणि बापाने ती केली. आवाज कापला नाही, शब्द अडला नाही. 'प्रभू, या लेकरासाठी आणि या दिवसासाठीही तुझे उपकार मानतो,' अशी सुरुवात करून त्यांनी पाव तास देवाची स्तुती केली. परतताना लोक एकमेकांना म्हणाले, "याला म्हणतात विश्वास!"

त्या संध्याकाळी घरची प्रार्थना करायला मास्तर नेहमीप्रमाणे सतरंजीवर बसले. 'प्रभू, तुझे उपकार' एवढे ते म्हणाले असतील नसतील, तोच त्यांची बायको रिबका उठली आणि परसात निघून गेली. दुसऱ्या दिवशी तसेच, तिसऱ्या दिवशीही तसेच. ती भांडली नाही की तिने आकांत केला नाही. भाकऱ्या करी, पाणी भरी, सारवण करी. फक्त प्रार्थना सुरू झाली की उठून जाई. असे दोन महिने चालले. मग एका बुधवारी सकाळी ती म्हणाली, "दादाला निरोप धाडलाय. पुढच्या शनिवारी तो मला न्यायला येतोय."

"किती दिवस राहशील?" मास्तरांनी विचारले.

"ते ठरवलं नाही."

मास्तर काय समजायचे ते समजले. गेलेली बाई परत येईल असा तो आवाज नव्हता. त्यांना दुसरे काही सुचले नाही, म्हणून जे आयुष्यभर सांगत आले तेच त्यांनी सांगितले, "रिबका, प्रार्थनेला बसत जा. मन हलकं होईल."

रिबका दारात थांबली. म्हणाली, "तुमच्या प्रार्थनेत माझी सलू कुठंच नाही हो. मग मी तरी कुठं बसू?"

मास्तर त्याच पावली बाहेर पडले आणि चर्चच्या मागे, दोन खणांच्या घरात राहणाऱ्या एका वृद्धेकडे गेले. ती चाळीस वर्षे बायबलबाई होती. वाड्यावस्त्यांवर पायी फिरून बायकांना शास्त्र वाचून दाखवावे, बाळंतिणीच्या उशाशी बसावे, मयताच्या घरी जावे, हे तिचे काम. आता गुडघ्यांनी दगा दिला होता, तेव्हा बसल्या जागी ती गोधड्या शिवी. गाव तिला नुसते बाई म्हणे. मास्तरांना अक्षरओळख बाईंनीच करून दिली होती, आणि दानिएल या त्यांच्या नावाचे 'दान्या' करणाऱ्याही गावात आता त्या एकट्याच उरल्या होत्या.

"सलाम, बाई," मास्तर म्हणाले आणि उंबऱ्याशीच बसून त्यांनी सगळे सांगितले. "तुम्ही रिबकाला दोन शब्द सांगा. तुमचं ती ऐकेल. नाहीतर पुढच्या शनिवारी माझं घर मोडतंय."

"तिला काय सांगायचं ते मागनं बघू," बाई म्हणाल्या. "घरी जी प्रार्थना करतोस, ती आधी माझ्यापुढं कर."

मास्तरांनी डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली. बाईंनी मात्र डोळे मिटले नाहीत. त्या सुईत दोरा ओवत राहिल्या. मधे एकदा तर दातांनी कटकन दोरा तोडल्याचा आवाज आला. मास्तरांनी एक डोळा उघडून पाहिले आणि पुन्हा मिटला.

"झाली?" आमेन ऐकू आल्यावर बाईंनी विचारले.

"झाली."

"छान केलीस. मला तर मधे वाटलं, कुणाच्या लग्नातली आहे."

मास्तरांचे तोंड उतरले. बाईंनी हात पुढे केला, त्यांच्या काखेत नेहमी असे ते पवित्र शास्त्र मागून घेतले आणि स्तोत्रांच्या भागात तेरावे स्तोत्र काढले. सहा वचनांचे लहानसे स्तोत्र. एक दुःखी माणूस देवाला 'कुठवर?' असे चार वेळा विचारतो, मग काकुळतीला येऊन मागणे मागतो, आणि शेवटच्या दोन वचनांत एकाएकी भरवशाचे बोलून गाऊ लागतो. बाईंनी गोधडीच्या चिंध्यांतून बोटभर रुंदीची एक पट्टी निवडली, ती त्या शेवटच्या दोन वचनांवर ठेवली आणि समासात सुई घालून लांब लांब टाक्यांनी पट्टी पानाला शिवू लागल्या.

"बाई! पवित्र शास्त्राला सुई?" मास्तर अर्धे उठलेच.

"सुई कागदाला लागली, दान्या. शास्त्राला लागेल एवढं बळ माझ्या हातात कुठलं?" बाईंनी गाठ मारली आणि पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवले. "आता ऐक. रोज सकाळी तोंड धुतलं की हे पान उघडायचं. एक वचन मोठ्यानं वाचायचं आणि थांबायचं. तो जे विचारतो ते तू तुझ्या शब्दांत विचार. तो मागतो, तिथं तू माग. तुझं बोलून संपलं की पुढचं वचन. असं चौथ्यापर्यंत जायचं. या पट्टीखालचं म्हणायचं नाही, आणि उपकारस्तुती तर मुळीच नाही. जमो न जमो, एक दिवस चुकवायचा नाही."

"आणि रिबका?"

"तिला प्रार्थनेला बोलावशील तर बघ. जा आता."

मास्तर घरी आले ते गोंधळलेले. देवाला जाब विचारायचा आणि आभार मानायचे नाहीत, ही कुठली शिकवण? पण बाईंनी सांगितलेले मोडायची त्यांची छाती नव्हती, आणि दुसरा मार्गही दिसत नव्हता. गुरुवारी सकाळी त्यांनी सतरंजी अंथरली, पहिले वचन वाचले आणि थांबले. तोंडातून निघाले, 'प्रभू, तुझे उपकार.' त्यांनी जीभ चावली. पुन्हा वचन वाचले. पुन्हा जिभेने तीच वाट धरली. बारा वर्षे एका पाटाने गेलेले पाणी दुसरीकडे वळायला तयार होईना. शुक्रवारीही तीच गत. पहिल्या वचनाच्या पुढे गाडी सरकलीच नाही.

शनिवारी ते बाईंच्या दारात पुन्हा उभे राहिले. बाईंनी आत बोलावले नाही. खिडकीतूनच विचारले, "चौथं वचन झालं?"

"नाही बाई. पहिलंच जमत नाही. देवापुढं असं बोलायचं म्हणजे..."

"मग इथं काय काम आहे तुझं?" आणि खिडकी लागली.

या खिडकीने मास्तरांचे काम केले, असे मला वाटते. मनुष्य चिडल्यावर थोडा खरा होतो. रविवारची उपासना त्यांनी कशीबशी उरकली आणि सोमवारी दिवस उजाडायच्या सुमारास हट्टाने सतरंजीवर बसले. आज हलायचेच नाही, असे त्यांनी ठरवले होते. पहिले वचन वाचले: देवा, मला कुठवर विसरशील? मास्तर थांबले. मग हळूच म्हणाले, "देवा, सलूला ताप आला तेव्हा मी तुला हाक मारली होती."

एवढे बोलून ते घाबरले. छताकडे त्यांची नजर गेली. छत जागच्या जागी होते.

"तीन दिवस मारली," ते पुढे बोलू लागले. "चौथ्या दिवशी तिनं पाणी मागितलं. मी पेला घेऊन आलो तोवर ती गेली होती. देवा, तेवढं पाणी तरी तिला पिऊ द्यायचं होतंस. बारा वर्षं मी लोकांपुढं तुझ्या वतीनं बोलतोय, आणि तू माझ्याशी एक शब्दही बोलला नाहीस. कुठं होतास तू? कुठवर असा गप्प राहणार आहेस?" आणि दफनाच्या वेळी ज्यांचा आवाज कापला नव्हता ते मास्तर सतरंजीवर कपाळ टेकून ढसाढसा रडले. मुलगी गेल्यापासून ते पहिल्यांदाच रडत होते. परसातल्या विहिरीवर पोहऱ्याचा आवाज येत होता, तो थांबला. मास्तरांना ते कळलेही नाही.

मंगळवारी ते दुसऱ्या वचनापर्यंत गेले. मनात रोज दुःख वागवत मी कुठवर राहू, असे ते वचन. सगळा गाव विश्वासाचे कौतुक करत असताना रोज शाळेत पटावरची नावे घेताना आपण कसे अडखळतो, सलूएवढ्या पोरी थोरल्या भावंडांबरोबर येऊन समोर बसल्या की पाढे कसे विसरतात, हे त्यांनी देवाला सांगितले. कुणालाच सांगितले नव्हते. मान वर केली तेव्हा रिबका उंबऱ्यावर बसलेली होती. पाठ त्यांच्याकडे, तोंड परसाकडे. मास्तरांना वाटले, हाक मारावी. पण बाईंचा शब्द आठवला आणि त्यांनी पुस्तक मिटले.

बुधवारी त्यांनी वचन वाचायला तोंड उघडले, तशी ती उंबऱ्यावरूनच म्हणाली, "थांबा. आज मला विचारायचंय."

"विचार," मास्तर म्हणाले.

रिबका आत आली, सतरंजीच्या कडेला बसली. हात जोडले नाहीत, डोळेही मिटले नाहीत. "देवा, तुझाही लेक गेला म्हणतात. लेकरू जाणं म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे. ठाऊक असून माझी सलू कशी नेलीस? मी काय वाईट केलं होतं? सांग ना. दुसरं मी काही मागत नाही, नुसतं सांग."

मास्तरांच्या जिभेवर उत्तर तयार होते. एक नव्हे, चार होती. बारा वर्षांच्या उपदेशांत ती त्यांनी कितीदा तरी दिली होती, आणि ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या होत्या. त्यांनी दात आवळून धरले. रिबका विचारीत राहिली आणि ते ऐकत राहिले. त्यांनी आयुष्यात केलेली सर्वांत अवघड प्रार्थना ती हीच असावी. ती रडू लागली तेव्हा त्यांनी तिचा हात हातात घेतला, आणि तिने तो सोडवून घेतला नाही.

गुरुवारी दोघांनी मिळून तिसरे वचन घेतले. माझ्याकडे बघ, मला उत्तर दे, माझ्या डोळ्यांत उजेड घाल, असे त्यात मागणे आहे. रिबका म्हणाली, "मला रात्रीची झोप दे." मास्तर म्हणाले, "मला माझी बायको दे." दोघेही एकमेकांकडे न बघता बोलले. शुक्रवारी चौथे वचन. 'मी याला जिंकले' असे माझ्या वैऱ्याने म्हणू नये, अशी त्यातली भीती. वैरी म्हणून कुणाचे नाव घ्यायचे, असा मास्तरांना प्रश्न पडला. रिबका म्हणाली, "आपल्या घरातली संध्याकाळ आहे ना, ती माझी वैरीण. तिनं मला जिंकू नये." आमेन म्हणून मास्तर उठले.

शनिवारी दुपारी रिबकाचा भाऊ याकोब बैलगाडी घेऊन आला. गाडीत तिच्या बसण्यासाठी कडबा अंथरला होता. त्याने ओसरीवर इकडेतिकडे पाहिले. "गाठोडं कुठाय?"

"दादा, आधी चहा घे," रिबका म्हणाली. "मी येत नाही."

"म्हणजे? निरोप तर तूच धाडलास!"

"धाडला होता. पण आमचं एक स्तोत्र अर्ध्यावर आहे. ते टाकून मी कशी येऊ?"

याकोब मेव्हण्याकडे वळला. त्याच्या मनात आले असावे की, मास्तरांनी नेहमीसारखी वाणी चालवून बहिणीला गुंडाळले. "मास्तर, काय प्रार्थना केलीत एवढी?"

"मी कसली करतोय? आम्ही दोघांनी नुसतं विचारलं," मास्तर म्हणाले. याकोब चहा पिऊन, थोडा रागावून, रिकामी गाडी घेऊन परत गेला.

रविवारी उपासना सुटल्यावर मास्तर बाईंकडे गेले. या वेळी दार उघडे होते. घडले ते सारे सांगून त्यांनी पुस्तक पुढे केले. "बाई, चौथं वचन झालं. आता टाके उसवा. आता तर आभार मानायलाच हवेत."

बाई हसल्या. मग सुई बाजूला ठेवून म्हणाल्या, "दान्या, पानावर चौथ्या आणि पाचव्या वचनामधे किती जागा आहे बघ. बोटाचं पेरसुद्धा मावत नाही. वाचणारा एका श्वासात तिथून पार होतो. पण ज्यानं हे स्तोत्र केलं, तो एका श्वासात पार झाला असंल का रे? मी चाळीस वर्षं मयताच्या घरी बसले. ती जागा ओलांडायला कुणाला महिना लागला, कुणाला वर्ष. माझे मालक गेले तेव्हा मला तीन वर्षं लागली. रोज सकाळी मी चौथ्या वचनापर्यंत चालत जायची आणि तिथनंच परत फिरायची. पण रोज जायची. तू मात्र पोरीला मातीत ठेवलंस आणि त्याच घडीला उडी मारून सहाव्या वचनावर जाऊन उभा राहिलास. तिथनं बायकोला हाका मारत होतास. ती बिचारी पहिल्या वचनात बसली होती. तिला तुझा आवाज कसा ऐकू यावा?"

मास्तर मान खाली घालून ऐकत होते. ते म्हणाले, "मला वाटायचं, तक्रार केली की विश्वास गेला."

"ज्याच्यावरचा विश्वास गेला, त्याच्याकडं तक्रार घेऊन कोण जातं? माणूस गप्प बसतो, नाहीतर गोड बोलून वाटेला लावतो. तू गोड बोलत होतास, ती गप्प होती. सारखंच झालं ते. आपल्याला काय बोलावं ते सुचत नाही, हे देवाला ठाऊक आहे, म्हणून त्यानंच हे शब्द आपल्या हातात दिले. मला असं विचार, म्हणाला. आणि आपण शहाणे, तेवढेच वगळून बाकीचं सगळं म्हणतो." बाईंनी पुस्तक मिटून त्यांच्याकडे परत दिले. "टाके मी नाही उसवायची. तूही उसवू नकोस. पुस्तक रिबकापाशी ठेव आणि रोज सकाळी बसत जा."

मास्तर बसत गेले. दोघेही बसत गेले. काही सकाळी पुष्कळ बोलणे होई, काही सकाळी चार वचने वाचून दोघे नुसते बसून राहत. एके दिवशी मास्तरांना ताप होता, तरी ते भिंतीला टेकून बसले. नाताळ आला आणि गेला. मंडळीने गाणी म्हटली, रिबका मागच्या रांगेत तोंड मिटून उभी राहिली, आणि मास्तरांनी तिला 'तू का गात नाहीस' असे विचारले नाही. गावाने एक गोष्ट मात्र हेरली होती. मयताच्या घरी आता मास्तर लांब प्रार्थना करीत नसत. जवळ बसत, गेलेल्याचे नाव घेत, आणि घरच्यांना म्हणत, "तुम्हाला देवाला काय विचारायचंय?" काही जाणत्यांना हे आवडले नाही. पण लोक बोलावणे धाडतच राहिले.

चैत्रात एका मंगळवारी सकाळी मास्तरांनी पान उघडले. रिबका म्हणाली, "जरा द्या इकडं." तिने सुईने वरच्या बाजूचे टाके एकेक करून काढले, पट्टी खाली दुमडली, पाचवे वचन मोकळे केले, आणि सुईत दोरा ओवून पट्टी सहाव्या वचनावर पुन्हा नीट शिवून टाकली.

"गाण्याचं वचन राहू द्या अजून," ती म्हणाली. "भरवशाचं मला म्हणता येईल, असं वाटतंय."

त्यांनी पहिल्यापासून वाचले. पाचव्या वचनाशी मास्तर थांबले आणि त्यांनी तिच्याकडे पाहिले. आज रिबकाने डोळे मिटले होते.

"देवा," ती म्हणाली, "सलू तुझ्यापाशी आहे, यावर मी आजच्या दिवसापुरता भरवसा ठेवते. उद्याचं उद्या सांगीन."

"आमेन," मास्तर म्हणाले. त्या सकाळी त्यांनी आपला दुसरा एकही शब्द त्यात घातला नाही.